बंटीचं कच्चं जेवण

आमचा बंटी म्हणजे ५ किलोचा पॉमेरियन (पुण्यातले बहुतेक 'पॉम' खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, पण ते असो). गेल्या वर्षी मला त्याला कच्चं मांस घालायचं खूळ लागलं. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंगहर्स्ट नावाच्या व्हेटने १९९३ साली पुस्तक लिहून हा प्रकार लोकप्रिय केला. मी रीतसर स्प्रेडशीट बनवली! वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोज १५० ग्रॅम. शनिवारी स्वारगेटहून येताना चिकनच्या माना आणि कलेजी आणायची, पुड्या करून फ्रीजरमध्ये. आईने फ्रीजर वापरणंच सोडलं.

मग बाबांची केमो सुरू झाली. बंटी जेवला की थेट त्यांच्या मांडीवर, हात चाटायला. गोठवून साल्मोनेला मरत नाही हे मला माहीत होतं, तरी दोन आठवडे मी गप्पच. का, ते अजून सांगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले, संशय कच्च्या चिकनवर होता. ते आठवलं आणि त्या रात्री फ्रीजर रिकामा केला.

आता चिकन शिजवतो, हाडं आधीच काढून, कारण शिजलेलं हाड टोकदार फुटतं. कॅल्शियम व्हेट सांगेल तेवढं. बंटी दोन दिवस रुसला होता. आई मात्र अजून फ्रीजरला हात लावत नाही.