लेट

इंग्रजीतल्या लांबलचक विशेषणांनी मला कधी त्रास दिला नाही. कारण साधं आहे : मी त्यांच्या वाटेलाच जात नाही. मला दगा दिला तो 'लेट' या एवढ्याशा शब्दानं. आणि तो तर अगदी घरातला! लोकल लेट, दूधवाला लेट, मस्टरवर माझ्या नावापुढं तांबड्या शाईत लेट.

अप्पा गेले, तेव्हा त्यांच्या पेन्शनच्या कचेरीला कळवणं भाग होतं. बँकेत मयत खातेदारांचे फॉर्म मी शेकड्यांनी हाताळले आहेत. पण ते छापील. रिकाम्या जागा भरायला व्याकरण लागत नाही. इथं कोरा कागद होता. मी बी.कॉम.च्या जोरावर लिहिलं, 'माय फादर इज लेट.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं : हरकत नाही. महिनाअखेरपर्यंत स्वतः येऊन हयातीच्या दाखल्यावर सही करावी.

मी ते पत्र हेडकॅशिअरना दाखवलं. नोटा मोजता मोजताच ते म्हणाले, "अहो, हा शब्द कुठं बसतो ते बघावं लागतं. माणसाच्या पुढं बसला, 'माय लेट फादर', की माणूस गेला. 'इज'च्या मागं बसला, की माणूस यायचाय. नुसता उशीर!"

"आणि लेट ट्रेन?" मी विचारलं.

"ती जिवंतच असते. निदान रेल्वेचं तसं म्हणणं आहे."

त्यापेक्षा आपलं 'कै.' किती सरळ! नावाच्या आधी मुकाट्यानं बसतं आणि जागा बदलत नाही. कैलासाला गेलेला माणूस आठ-सत्तावन्नच्या गाडीनं परत येईल, अशी शंका कुणाला येत नाही.

रात्री मी नवं पत्र लिहिलं. आईनं विचारलं, "पहिल्यात काय चुकलं होतं रे?" मी समजावून सांगितलं : पहिल्याचा अर्थ, अप्पांना यायला उशीर होतोय, दुसऱ्याचा, अप्पा गेले.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिलंच बरं होतं की. जेवायला त्यांना रोज उशीरच व्हायचा."

सकाळी मी व्याकरणशुद्ध पत्र पोस्टात टाकलं. पहिल्या पत्राची कार्बन कॉपी मात्र अजून फाडलेली नाही.