कोल्हापूरच्या तालमीत

उर्दूच्या तासाला आम्ही फळ्यावर 'तालीम' लिहितो, तेव्हा मुले अर्थ सांगतात, शिक्षण. मराठीच्या तासाला तोच शब्द लिहिला की उत्तर येते, पहिलवानांची जागा. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावे लागतात. हे दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे तर कोल्हापूरला जावे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस आम्ही तिथे एका नातलगांकडे काढले.

त्यांचा अकरावीतला मुलगा पेठेतल्या एका तालमीत जातो. फजरची नमाज आटोपून आम्ही त्याच्याबरोबर निघालो. पोहोचलो तोवर मेहनत रंगात आली होती. कोणी जोर मारत होता, कोणी बैठका, तर कोणी खोऱ्याने हौद्यातली तांबडी माती उकरत होता. या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगाला बाधत नाही. कोणी मारुतीला हात जोडून हौद्यात उतरला, कोणी बिस्मिल्लाह म्हणून. नंतर सगळेच सारखे लाल झाले.

आम्ही भाषेची माणसे, त्यामुळे कान शब्दांकडे. वस्ताद म्हणजे आपले उस्तादच. पहिलवान, कुस्ती, पेच, जोर, खुराक हे शब्द फारसीतून आलेले, मेहनत अरबीतून. तालमीतली खेड्यापाड्यांतून आलेली पोरे ते रोज बोलतात आणि कोणालाही ते परके वाटत नाहीत.

बरीच पोरे तालमीतच राहतात. पाळीपाळीने स्वयंपाक करतात, थंडाईसाठी बदाम वाटतात, एकमेकांचे अंग रगडतात. मोहोळच्या एका हमालाचा मुलगा सिकंदर शेख असाच गावाहून आला, गंगावेस तालमीत घडला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात दगडफेक झाली होती. इंटरनेट बंद ठेवावे लागले होते. आमच्या नातलगांचा मुलगा तेव्हा लहान होता. त्याच्या अम्मीने पंधरा दिवस त्याला घराबाहेर सोडले नाही. सोळाव्या दिवशी त्याचा जोडीदार दारात उभा राहिला. म्हणाला, "चाची, याला सोडा. माझ्या वजनाचं दुसरं कोण न्हाई. वस्ताद मला नुसतंच पळायला लावत्यात."

अम्मी हे सांगताना हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "अजूनही तो परतेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो." त्यांची काळजी खोटी म्हणता येत नाही. मात्र त्या पोराचे बोलणेही खरे होते. कुस्ती एकट्याला शिकता येत नाही. डाव अंगात मुरायला रोज समोर कोणीतरी तोलाचा लागतो आणि तो कोणत्या घरातला आहे हे पाहत बसलो तर जोड मिळत नाही. वस्तादांना आम्ही याबद्दल विचारले. ते म्हणाले, "सर, आमी वजन बघतो आनि दम बघतो. बाकीचं बघायला येळ कुठाय?"

दुपारी खासबाग मैदान पाहिले. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. 1902 च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि 1912 मध्ये कोल्हापुरात हे वाटीसारखे मैदान उभे केले. कुठेही बसा, मधला हौदा दिसतोच. गामा पहिलवानांचे बंधू इमामबख्श याच मातीत लढले.

तिथून दसरा चौकात गेलो. मुस्लिम बोर्डिंगची इमारत पाहायचीच होती. 1906 मध्ये महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. म्हणजे तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच राजाने सांभाळले.

या शहरातल्या अनेक तालमी गणपती बसवतात आणि मोहरममध्ये पंजेही. बाबूजमाल तालीम त्यासाठी प्रसिद्ध आहे. पंजांबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत, ते असोत. पण मिरवणुकीच्या रात्री गर्दी आवरायला हीच एकमेकांची ताकद ओळखणारी पोरे उभी असतात, हे पेठेतली वडीलधारी माणसे आवर्जून सांगतात.

आमच्या मुली लगेच विचारतील, "आमचं काय?" जुन्या तालमींच्या हौद्यात मुलींना जागा नव्हती. पण कोल्हापूरजवळच्या वडणगेच्या रेश्मा मानेने कुस्तीत आंतरराष्ट्रीय पदके मिळवली आहेत. शाळा-कॉलेजांत कराटेचे वर्ग आहेत. तिथेही जोड लागतेच.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा हे सारे होईलच. एक पहाट मात्र तालमीसाठी ठेवा. मुलांना बरोबर न्या. वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा आणि भिंतीपाशी गप्प उभे राहा. कोण कोणाला चीतपट करतो हे मुले पाहतीलच. पडलेल्याला हात देऊन उठवतो कोण, तेही त्यांना पाहू द्या.