खिडकीबाहेरची पंगत

नोव्हेंबर लागला की श्टुटगार्टच्या दुकानांत दाराशीच सूर्यफुलाच्या बियांच्या मोठाल्या पिशव्या रचलेल्या दिसतात. त्या पाखरांसाठी असतात. बाजूला चरबीचे गोळे आणि टांगायची लाकडी खोकी. सगळं तयार मिळतं, तेही स्वस्तात. तरी आमच्या घरी हिवाळ्यातला एक शनिवार पाखरांचा खाऊ हाताने बनवण्यासाठी राखलेला असतो. मुलं लहान आहेत तोवर तो प्रत्येक घराने राखावा, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या घरांत यासाठी गुरांची चरबी वापरतात. आमच्या स्वयंपाकघरात ती येत नाही, म्हणून आम्ही खोबऱ्याच्या तेलाची घट्ट वडी आणतो. ती मंद आचेवर वितळू द्यायची, उकळू द्यायची नाही. वजनाने जेवढं तेल, साधारण तेवढाच कोरडा माल: सूर्यफुलाच्या काळ्या बिया, ओट्स, भरड कुटलेले हेझलनट, बिनमिठाचे शेंगदाणे. वरून चमचाभर साधं तेल, म्हणजे थंडीत गोळ्याचा भुगा होत नाही. मग मातीची छोटी कुंडी घ्यायची, तळाच्या भोकातून एक काडी ओवायची आणि ती काठाच्या बाहेर वीतभर राहू द्यायची, कारण पाखराला बसायला जागा लागते. मिश्रण थिजायला लागलं की कुंडीत भरायचं, बाल्कनीत ठेवायचं, आणि घट्ट झालं की सुतळी बांधून कुंडी उलटी टांगायची.

धाकट्याकडे पाइनची बोंडं असतात. बोंडाच्या प्रत्येक खवल्यामागे तो अंगठ्याने मिश्रण दाबत जातो, जीभ बाहेर काढून, अगदी तल्लीन होऊन. कोपरापर्यंत हात तेलकट, बाहीवर ओट्स, घरभर खोबरेलाचा वास. थोरलीला आता सुतळीची पक्की गाठ मारता येते. कुंडी टांगायचा मान तिचा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मुलांना वजनकाट्यावर दाखवता येतं. खिडकीशी सगळ्यात आधी येणारी कोलमायझे जेमतेम १८ ग्रॅमची. काळं डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट आणि पोटावर मधोमध काळा पट्टा. आपल्याकडच्या झाडीतही तिचा राखाडी भाऊबंद दिसतो. डिसेंबरअखेरीस इथे दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणजे उरलेले सोळा तास हा १८ ग्रॅमचा जीव अंगातली चरबी जाळून ऊब धरून बसतो. सकाळी ती चरबी पुन्हा भरून काढायची असते. म्हणून खाऊ पहाटे जागेवर असायला हवा, आपल्या सवडीने अकरा वाजता नव्हे.

कोलमायझे एक बी उचलते, जवळच्या फांदीवर जाते, बी दोन्ही पायांत धरते आणि चोचीने ठोकून फोडते. क्लायबर हे पाखरू झाडाच्या खोडावरून डोकं खाली करून उतरतं. रोटकेलशेन, म्हणजे इथला तांबड्या छातीचा रॉबिन, एकटाच येतो आणि जातभाईला जवळ फिरकू देत नाही. त्याला आणि आमझेल या काळ्या पाखराला टणक बिया फोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी मनुका, तेलात भिजवलेले ओट्स आणि सफरचंदाच्या फोडी खाली जमिनीलगत ठेवायच्या. कुणाच्या पानात काय वाढायचं हे मुलं महिन्याभरात शिकतात, आणि एकदा शिकली की विसरत नाहीत.

पथ्यं मात्र कडक आहेत. खारे दाणे नकोत, फरसाण नको, कालची पोळी नको आणि पावही नको. मीठ त्यांना बाधतं, पाव पोटात फुगतो. दुधाच्या खोक्याला खिडकी कापून केलेलं घर मुलं बालवाडीतून हौसेने आणतात. दिसतं छान, पण पाखरू दाण्यातच उभं राहतं, त्यातच विष्ठा टाकतं, आणि साल्मोनेलासारखे रोग तिथून पसरतात. असं घर टांगायचं तर रोज मूठभरच दाणे घालावेत आणि रोज धुवावं. प्लास्टिकच्या जाळीतले गोळे मी घेत नाही, कारण जाळीत पाय अडकतात. खाऊ मांजराच्या झडपेपासून आणि मोठ्या काचांपासून दूर हवा.

या शहरात हे सगळं करण्याला एक जुना धागा आहे. १८९९ मध्ये लिना हेनले या बाईंनी इथेच, श्टुटगार्टमध्ये, पक्षीसंरक्षणाची संघटना स्थापन केली आणि पुढे जवळजवळ चार दशकं ती चालवली. आजची ‘नाबू’ ही जर्मनीतली मोठी निसर्गसंस्था तिच्यातूनच वाढली. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. त्या मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यात दाणे टाकण्यावरून केवढं रण माजलं, ते आपण पाहिलं. पाखरांबद्दलची माया दोन्हीकडे खरी आहे. पण एकाच जातीपुढे पोती रिकामी करणं आणि कडाक्याच्या थंडीत मोजकं, स्वच्छ, ज्याचं त्याला योग्य असं देणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मुलांना दुसरी शिकवावी.

खाऊ टांगल्याने दुर्मीळ पाखरं वाचतात असं मात्र नाही. खिडकीशी येतात त्या बहुतेक इथल्या सर्रास आढळणाऱ्या जाती. खऱ्या संकटातल्या पाखरांना किडे हवेत, झुडपं हवीत, फवारणी नसलेली शेतं हवीत. तरी मी हे करते, आणि मुख्यतः मुलांसाठी करते. आमची मुलं इथे जन्मली, पण त्यांचे आजी-आजोबा, मामा, काका सगळे सातासमुद्रापार. या गावात ओळखीचं म्हणावं असं त्यांना जे काही हवं, त्यात ही पाखरं आली. रोझेनश्टाइन बागेत पिवळ्या डोक्याच्या पोपटांचा थवा आहे. मूळचे मेक्सिकोकडचे हे पोपट १९८० च्या दशकापासून श्टुटगार्टमध्ये मोकळे राहतात, वाढतात आणि बर्फातही तग धरतात. थोरली पाहुण्यांना ते आवर्जून दाखवायला नेते, आपल्या गावची गोष्ट म्हणून.

कोकणात घराच्या पडवीत चिमण्यांसाठी भाताच्या लोंब्या टांगायची रीत माझ्या आजीकडून मी ऐकली. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस झाला. ही नावं आणि या रीती मुलांना मी कुंडी भरतानाच सांगते. वेगळा धडा काढून बसवलं तर ती ऐकत नाहीत.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांना एक विनंती. २०११ पासून दर जानेवारीत ‘नाबू’ देशभर पाखरांची मोजणी करते, ६ जानेवारीच्या आसपासच्या दिवसांत. आमच्या राज्यात ६ जानेवारीला सुट्टी असते. एक तास खिडकीशी बसायचं आणि प्रत्येक जातीची एका वेळी जास्तीत जास्त किती पाखरं दिसली तेवढंच लिहायचं, म्हणजे एकच पाखरू दोनदा मोजलं जात नाही. आकडे मुलांच्या हातून लिहून घ्या आणि पाठवा. एकही पाखरू आलं नाही तरी तसं कळवा. मोजणाऱ्यांना तेही हवं असतं.