एका कान्याचे अंतर

इंग्रजीतील सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गल्लत हा आपल्याकडे बहुधा थट्टेचा विषय असतो. शाळेत अशा जोड्या पाठ करविल्या जातात आणि परीक्षा संपली की विसरल्या जातात. मराठी मुलाला हा प्रकार नवा नसतो. दिन आणि दीन, पाणि आणि पाणी यांतील वेलांटीचा धाक त्याने अनुभवलेला असतो. परंतु साहित्याच्या अभ्यासात अशी एखादी जोडी कधीकधी मूळ प्रश्नालाच हात घालते. ‘अडॅप्ट’ आणि ‘अडॉप्ट’ ही तशी जोडी आहे. पहिल्याच्या मुळाशी जुळते करून घेण्याचा अर्थ असलेले लॅटिन क्रियापद आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी निवडण्याचा अर्थ असलेले. देवनागरीत मात्र दोहोंत अंतर उरते ते केवळ एका कान्याचे.

मराठी मुलखाबाहेर तुलनात्मक साहित्य शिकविताना एका विद्यार्थिनीच्या इंग्रजी प्रबंधात एक वाक्य वाचले : गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’मध्ये ‘ऑथेल्लो’ ‘अडॉप्ट’ केले. मी पेन्सिलीने खूण केली. इंग्रजीविषयी आधीच बिचकून असलेली ती मुलगी शब्द खोडण्यास लगेच तयार झाली. तुला नेमके काय म्हणायचे होते, असे विचारल्यावर मात्र ती म्हणाली, “सर, देवलांनी त्याला आपल्या घरचे नाव दिले, गणगोत दिले. मग तो दत्तकच नव्हे का?”

हा प्रश्न सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता. परकीय नाटकावरून केलेल्या नाटकाला आपण ‘बेतलेले’ म्हणतो. हा शिंप्याचा शब्द आहे. कापड परक्याचे, माप आपले. १८९० च्या ‘झुंझाररावा’त डेस्डिमोनाची कमळजा झाली, ती अशा मापानेच. परंतु दत्तकाची गोष्ट निराळी. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराण्याशी असलेले संबंध तुटतात. तरी मूळ नात्यामुळे जिच्याशी विवाह निषिद्ध होता, तिच्याशी तो पुढेही निषिद्धच राहतो. म्हणजे कायदासुद्धा जन्माची आठवण पूर्णपणे पुसत नाही. झुंझाररावाच्या मत्सरातही ऑथेल्लोचे रक्त वाहतेच.

तरीही त्या वाक्यात ‘अडॅप्ट’ हाच शब्द घालावा, असे मी तिला सुचविले. देवलांनी नाटकावर केलेल्या संस्काराचे ते वर्णन होते आणि तेथे दुसरा शब्द वाचकाला केवळ चूक वाटला असता. दत्तकाची कल्पना तिने स्वतंत्र परिच्छेदात, कारणे देऊन मांडावी, असे ठरले. दोन शब्दांतील भेद जाणणाऱ्यालाच त्यांतून एक निवडता येतो, आणि निवडलेल्या शब्दाचीच जबाबदारी घेता येते. जोड्या पाठ करविण्याचे हे खरे प्रयोजन शाळेत तिला कोणी सांगितले असते, तर आपला विचार खोडून टाकण्याची घाई तिने केली नसती.