कानामागच्या गाठी

रुबेलाची पहिली खूण माझ्या कानामागे होती आणि मी ती केसांच्या नव्या रंगावर ढकलली. कानामागे आणि मानेवर, केस संपतात तिथे, हरभऱ्याएवढ्या दुखऱ्या गाठी आल्या होत्या. मग कणकण आली, डोळे लालसर झाले. मार्चएंड होता. तापाची गोळी घेऊन ऑफिस गाठलं.

पुरळ आधी चेहऱ्यावर उठलं, बारीक, गुलाबी. बघता बघता छाती-पोटावर उतरलं. सासूबाई म्हणाल्या, "गोवरासारखं दिसतंय, दाखवून ये." मी हसण्यावारी नेलं. गोवर लहानपणी येऊन गेलेला, पुन्हा कसा येईल? गोवर आणि रुबेला यांचे विषाणू वेगळे, हे ठाऊक नव्हतं. (लहानपणी आलेला तरी गोवरच होता, हे कुणी तपासलं होतं?) ॲलर्जीची गोळी घेतली, पुरळ मावळलं, गोळीचं कौतुक केलं. रुबेलाचं पुरळ मुळात तीनेक दिवसच टिकतं.

पुढे बोटं आणि मनगटं अशी धरली की कणीक मळवेना. चिकुनगुन्या असणार, असं निदान स्वतःच करून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पुरळ कुठून सुरू झालं ते विचारलं, कानामागे चाचपलं आणि रक्त तपासायला पाठवलं. मोठ्या वयात, विशेषतः बायकांना, रुबेलात सांधे दुखतात, असं त्या म्हणाल्या. पाठोपाठ प्रश्न आला, "ऑफिसात कुणी गरोदर आहे?"

शेजारच्या टेबलावरच होती. तिसरा महिना. पुरळ येण्याआधी आठवडाभर आणि नंतरही आठवडाभर हा आजार खोकल्या-शिंकांतून पसरतो, म्हणजे मी रोज तिच्याशेजारी डबा खात तो वाटत होते. सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी 1941 मध्येच दाखवून दिलं होतं, की गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. बहिरेपण आणि हृदयदोषही येतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वाधिक. तिला फोन करताना माझी जीभ जड झाली. तिच्या रक्तात जुनी प्रतिकारशक्ती निघाली. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये झाली, तीही पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. माझ्या वयाच्या अनेकींना ही लस मिळालेलीच नाही. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर तरी दिवस राहू द्यायचे नसतात. अंगावर पुरळ आणि कानामागे गाठी दिसल्या तर घरीच थांबा, आणि दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. तिथे बाहेर गरोदर बाया बसलेल्या असतात.