दुसरे पारडे
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या मराठी भाषेने केसांना मोठा मान दिला आहे. विश्वासघातकी माणूस केसाने गळा कापतो, दैव बलवत्तर असले की मोठ्या संकटातही केसाला धक्का लागत नाही, आणि वडीलधारी माणसे तर ‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे आपल्याला उठता-बसता बजावत असतात. खरे पाहता डोक्यावर दिसणारा केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा. जिवंत असते ते त्वचेखालचे त्याचे मूळ. पण या निर्जीव धाग्यासाठी जिवंत माणूस किती कासावीस होतो, हे पाहायचे असेल तर सकाळच्या वेळी मुलींच्या वसतिगृहात यावे. कंगव्यात अडकलेला गुंता हातात धरून चिंताक्रांत झालेली एक तरी मैत्रीण हमखास भेटेल.

पूर्वी केसांविषयी सल्ला देणारी माणसे मोजकी होती. आजी, शेजारच्या काकू, फार तर गावचा न्हावी. आता मोबाईलच्या पडद्यावरून बोट फिरवले की घडोघडी नवा सल्लागार हजर! एक म्हणतो, कांद्याचा रस लावा. दुसरी म्हणते, तांदळाच्या पाण्याने केस धुवा. तिसऱ्याच्या मते तेल हाच केसांचा शत्रू, तर चौथीच्या मते तेलावाचून तरणोपाय नाही. आणि गंमत अशी, की ‘हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य चौघांच्याही तोंडी असते. कोणी सिद्ध केले, कोणावर प्रयोग केला, हे विचारण्याची सोय मात्र नसते. विचारेपर्यंत पुढचा सल्लागार बोलू लागलेला असतो.

हा सारा प्रकार मीही हसण्यावारी नेला असता. परंतु गेल्या वर्षी तो आमच्या घरात शिरला. माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ साडेतीन महिन्यांचे झाले आणि तिचे केस गळू लागले. थोडेथोडके नव्हेत, वेणी घालताना मुठीत येतील इतके. ‘सासरी काय म्हणतील?’ या धास्तीने ती घरातही डोक्यावरून पदर घेऊ लागली. आजीने शांतपणे सांगितले, “बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. सगळ्यांचेच गळतात.” ताईचे समाधान झाले नाही. तिने मोबाईलवर एक तेल शोधून काढले. बाटली आठशे नव्व्याण्णव रुपयांची. जाहिरातीत ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ असे दोन फोटो होते, आणि खाली लिहिले होते : ‘तीन-चार महिने धीर धरा, फरक दिसेलच.’

आठशे नव्व्याण्णव रुपये म्हणजे आमच्या आईची तीन दिवसांची खुरपणीची मजुरी. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तू एवढी शिकतीस, तर तूच बघ यातलं खरं काय ते.”

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वीज बिलापासून बाळाच्या लसीच्या कार्डापर्यंत सर्व कागद माझ्यापुढे येतात. पण मी शिकते ते मराठी आणि इतिहास. केसांतले मला काय कळणार? सुट्टी संपवून परत आल्यावर मी विज्ञान शाखेच्या इमारतीत गेले आणि प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारले. त्यांनी मला अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात जे समजले ते येथे सांगते.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविकच आहे. गरोदरपणात शरीरातील संप्रेरकांमुळे पुष्कळ केस वाढीच्याच अवस्थेत थांबून राहतात. बाळंतपणानंतर ते सारे एकदम विश्रांतीला जातात आणि तीनेक महिन्यांनी एकदम गळतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांनंतरही असेच घडते. मुळे शाबूत असल्यामुळे काही महिन्यांत हे गळणे आपोआप थांबते.

हे ऐकताना मला दोन गोष्टींचा उलगडा झाला. पहिली आजीची. बाळ आईला ओळखू लागते तेही साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच! म्हणजे आजीचे निरीक्षण अचूक होते, तिने लावलेले कारण तेवढे वेगळे होते. आणि दुसरी त्या बाटलीची. जी गळती तीन-चार महिन्यांत आपण होऊन थांबणार, तिच्यावर ‘तीन-चार महिने धीर धरा’ असे सांगून तेल विकले, तर ते तेल गुणकारी ठरणारच! तेलाच्या जागी ओढ्याचे पाणी दिले असते तरी ते गुणकारीच ठरले असते. फोटो कदाचित खरेही असतील. पण तेल न लावणाऱ्या बाईचा फोटो शेजारी कोठे होता?

माझे बाबा आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकतात. त्यांच्या तराजूला दोन पारडी आहेत. एका पारड्यात माल टाकून ‘हा बघा, दोन किलो’ असे ते म्हणू लागले, तर गिऱ्हाईक तेथून हलणार नाही. दुसऱ्या पारड्यात वजन पाहिल्यावाचून आपण पावशेर मिरचीही घेत नाही. मग डोक्यावर काहीही थापताना दुसरे पारडे का पाहू नये?

विज्ञान वेगळे काय करते? ते हे दुसरे पारडे मांडते. कांद्याच्या रसाचेच पाहा. त्याच्यावर प्रयोग झालेला आहे हे खरे. बगदाद येथील डॉक्टरांनी २००२ साली चाई पडलेल्या ३८ जणांवर तो केला. २३ जणांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला आणि १५ जणांना नळाचे साधे पाणी. सहा आठवड्यांनी कांदा लावलेल्यांपैकी २० जणांना केस आले. पाणी लावलेल्यांपैकी दोघांना. कांदेवाल्याची मुलगी म्हणून मला हे वाचून आनंदच झाला! परंतु नीट पाहिले, तर प्रयोग ३८ जणांचा, आणि तोही चाईवरचा. चाई म्हणजे शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटल्याने पडणारे गोल चट्टे. बाळंतिणीच्या केसगळतीशी किंवा पुरुषांच्या वंशपरंपरागत टकलाशी त्याचा संबंध नाही. पडद्यावरचा सल्लागार ‘कांदा’ तेवढा सांगतो आणि ‘चाई’ गाळतो. शिवाय पाणी लावलेल्या त्या दोघांचा विचार करा. त्यांच्या हाती आजचा मोबाईल असता, तर नळाच्या पाण्याचा महिमा त्यांनी जगभर गायला असता, आणि तो खोटे न बोलता!

आजीच्या खोबरेल तेलाचीही परीक्षा झालेली आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी खोबरेलच केसाच्या आत शिरून त्यातील प्रथिनांची झीज कमी करते, असे आढळले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा. पण तुलना मांडलेली असल्याने तो दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येतो. आणि त्यातही केस ‘राखण्याची’ गोष्ट आहे, नवे केस उगवण्याची नव्हे.

हे सारे घरगुती झाले. पण कारण चुकले की संपूर्ण गाव कसे होरपळते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी खाज, मग केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! पुरुष, बायका, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी खारपाणपट्ट्यातील पाण्याला. मोबाईलवर अफवांना ऊत आला. न्हावी हात लावीनात, सोयरिकी मोडू लागल्या, अशाही बातम्या आल्या. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः या गावांत जाऊन तपास केला. गरीब शेतकऱ्याच्या घरातून शिकून वर आलेला हा माणूस. त्यांनी लोकांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. एवढ्यावर न थांबता लोक खात होते तो रेशनचा गहू आणि तेथेच पिकलेला गहू, दोन्ही तपासले. दुसरे पारडे! रेशनच्या गव्हात सेलेनियम कितीतरी पटींनी जास्त आढळल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. गव्हाविषयी त्यानंतर वादही झाले. विज्ञानात ते व्हायचेच. सेलेनियम शरीराला अत्यल्प लागते, आणि अतिरेक झाला तर केस आणि नखे गळतात, हे मात्र निर्विवाद आहे. आणि केस वाढवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत हेच सेलेनियम घातलेले असते!

ताईचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मॅडमनी एक प्रश्न विचारला होता, “तिचं रक्त तपासलं का?” आईने ताईला आमच्या गावच्या आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात पाठवले. हिमोग्लोबिन नऊ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही फुकट. बाटली मागवली गेली नाही. चार महिन्यांनी ताईच्या कपाळाशी नव्या केसांची लव दिसू लागली. गोळ्यांमुळे की आपोआप? एकट्या ताईवरून ते सांगता येणार नाही. ते सांगायचे तर मीही त्या जाहिरातीसारखेच बोलेन. पण गोळ्या रक्तासाठी हव्याच होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. या बायकांना पडदा तेल सुचवतो. ताटात काय आहे, हे तो विचारीत नाही.

विज्ञाननिष्ठा हे भारतीय नागरिकाचे कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानाच्या ५१-क या कलमात १९७६ पासून लिहिलेले आहे. ते फक्त विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले नाही. प्रयोगशाळा आपल्यापाशी नसेल, पण प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. हे कोणाकोणावर करून पाहिले? ज्यांच्यावर केले नाही त्यांचे काय झाले? सांगणारा यातून काय विकतो? एवढे तीन प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही विचारता येतात.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपणच पहिले शिकलेले. ‘तूच सांग’ म्हणून कोणीतरी मोबाईल आपल्यापुढे धरणारच. त्या वेळी सगळी उत्तरे आपल्याजवळ असतील असे नाही. पण मजुरीचे पैसे कनवटीतून सुटण्यापूर्वी दुसरे पारडे मागणारे एक माणूस घरात असावे, एवढ्यासाठी तरी आपल्याला घरच्यांनी शिकायला पाठवले आहे.