बंदराच्या चित्रातले हात

बंदराच्या चित्रांत हमखास सूर्य बुडत असतो. पाणी सोनेरी झालेलं, शिडं उतरवलेली, काम आटपलेलं. आमच्या शहाडच्या घरातलं तैलचित्र मात्र तसलं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर फूटपाथवर बसणाऱ्या एका चित्रकाराकडून घेतलेलं हे चित्र ससून डॉकच्या पहाटेचं आहे. बोटी एकमेकींना खेटून धक्क्याला लागल्यात, बर्फाची हातगाडी वाट काढतेय आणि पुढ्यात कोळणी. एकीचाही चेहरा धड दिसत नाही, कारण सगळ्या खाली वाकलेल्या आहेत. कुणी पाटीवर, कुणी कोलंबीच्या ढिगावर. उजव्या कोपऱ्यातल्या बाईचा हात मला फार आवडतो. अगदी जवळ गेलं तर सुरीने थापलेला तपकिरी रंग आणि त्यावर हिरव्या बांगड्यांचे दोन फटकारे, एवढंच दिसतं. जरा मागे सरकलं की तोच हात कोलंबी सोलू लागतो.

हा डॉक 1875 चा, अल्बर्ट ससून यांनी बांधलेला. तेव्हा इथे कापसाचे गठ्ठे चढत-उतरत. कापूस गेला, मासळी आली. ओझी वाहणं काही थांबलं नाही.

कोळणी रंगवाव्यात तर बी. प्रभा यांनी. जन्म नागपूरजवळच्या बेल्याचा, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर. तैलरंग ज्या जवसाच्या तेलात घोटतात, ते जवस मात्र त्यांच्या विदर्भातलंच पीक. त्यांच्या कोळणी उंच, सडपातळ, स्वतःत हरवलेल्या. पाटी शेजारी असली तरी मन दुसरीकडेच. माझ्या चित्रातल्या बायकांना हरवायला सवड नाही. लिलाव उरकला की पाट्या उचलायच्या आणि लोकलचा मालडबा गाठायचा.

पाहुणे विचारतात, शहाडात समुद्र कशाला टांगलाय? मी उल्हास नदीकडे बोट दाखवतो. ही नदी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. शेजारचं कल्याण तर सातवाहनकाळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत गलबतं बांधायला घेतली. व्यापाऱ्यांची नावं दगडावर उरली. गोण्या वाहणाऱ्यांची, गलबतांच्या फळ्या जोडणाऱ्यांची कुणी कोरली नाहीत.

म्हणूनच या चित्राची किंमत मला वाटते. त्यातल्या बायकांनाही नावं नाहीत, पण त्यांचं काम आहे, आणि ते नीट बघून रंगवलंय. तुमच्यासमोर कधी बंदराचं चित्र आलं, तर आधी आकाश पाहू नका. कुणाच्या हातात काय आहे ते पाहा. सगळेच हात रिकामे असतील, तर ते चित्र किनाऱ्याचं असेल, बंदराचं नव्हे.